ओझं अंगाशी, काम कोपराशी

एडवण, कोरे, दातिवरे, मथाणे आणि तिकडे पालघर-बोईसरपर्यंतच्या सगळ्या बचत गटांतल्या ताई, काकी, वहिनी आणि आज्यांना नमस्कार. आज कर्जाचा हप्ता नाही, बँकेचे कागद नाहीत. आज बोलायचं आहे ते आपल्या पाठीबद्दल आणि कंबरेबद्दल.

गटाची बैठक संपली की सतरंजीवरून उठताना किती जणी जमिनीला हात टेकतात आणि "आई गं" म्हणतात, ते पुढच्या वेळी मोजून बघा. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. "वय झालं." "बाळंतपणात दुर्लक्ष झालं." "आमच्या आईचंही असंच होतं." मग मेडिकलमधून एक गोळी आणायची, रात्री बाम चोळायचा आणि सकाळी पुन्हा तसंच वाकायचं. कंबर धरली की आवणीची मजुरी बुडते, बाजाराचा दिवस बुडतो. हप्ता मात्र ठरलेल्या तारखेला दारात उभा असतो. म्हणजे कंबरदुखी ही नुसती दुखण्याची गोष्ट नाही, पैशाचीही आहे.

वयाचा आणि बाळंतपणाचा परिणाम होतोच. पण पुष्कळदा कंबर बिघडते ती रोजच्या कामाच्या पद्धतीने. काम फार खाली असतं आणि ओझं अंगापासून फार लांब असतं. वय आपल्याला बदलता येत नाही. कामाची उंची बदलता येते, ओझं जवळ घेता येतं. म्हणून आजचं सगळं बोलणं चार शब्दांत लक्षात ठेवा: ओझं अंगाशी, काम कोपराशी.

पाठीची उतरंड

जुन्या घरांत मडक्यांची उतरंड असायची. एकावर एक मडकं नीट बसलेलं असलं की वर्षानुवर्षं ती हलत नसे. आपला पाठीचा कणा तसाच आहे. मानेपासून कंबरेपर्यंत २४ सुटे मणके एकावर एक रचलेले आहेत. मणक्यांच्या मधे लवचीक गाद्या आहेत. आपण चालतो, उडी मारतो, त्याचे धक्के या गाद्या झेलतात.

पण ही उतरंड काठीसारखी सरळ नसते. मानेजवळ ती थोडी आत वळते, पाठीत बाहेर येते आणि कंबरेत पुन्हा आत जाते. ही तीन वळणं जागेवर असली की वजन एका मणक्यावरून दुसऱ्यावर सहज उतरतं. म्हणून ताठ बसायचं म्हणजे कवायतीला उभं राहिल्यासारखं छाती फुगवून बसायचं नाही. डोकं खांद्यांच्या वर, खांदे कंबरेच्या वर, एवढंच बघायचं. आपलं डोकं साधारण पाच किलोचं असतं. पाच किलोच्या पिठाच्या पिशवीएवढं वजन दिवसभर पुढे झुकवून ठेवलं, तर मानेच्या मागच्या स्नायूंना ते दिवसभर ओढून धरावं लागतं. मोबाइल बघताना, तांदूळ निवडताना, शिवणाच्या मशीनवर हेच होतं.

ओझं लांब गेलं की किती वाढतं?

जर्मनीतल्या उल्म विद्यापीठात हान्स-योआखिम विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंबरेच्या गादीवर किती दाब येतो ते प्रत्यक्ष मोजलं. एका निरोगी माणसाच्या दोन मणक्यांमधल्या गादीत दाब मोजणारं बारीक साधन बसवलं आणि त्याला निरनिराळी कामं करायला लावली. १९९९ साली त्यांनी हे आकडे प्रसिद्ध केले. नुसतं सरळ उभं असतानाचा दाब एक धरू. कंबरेतून पुढे वाकलं की तो दुपटीच्या वर गेला. २० किलोचं ओझं पाठ गोल करून उचललं तेव्हा तो साडेचार पटीच्या वर गेला. तेच ओझं गुडघे वाकवून उचललं तेव्हा साडेतीन पटीच्या आसपास आला. आणि उचललेलं ओझं छातीशी धरून उभं राहिल्यावर दुपटीच्या थोडा वर राहिला. तेच छातीपासून ६० सेंटिमीटर, म्हणजे साधारण दोन फूट लांब धरलं की पुन्हा साडेतीन पट!

हे मोजमाप एकाच माणसावरचं आहे, म्हणून आकडा प्रत्येकीला तंतोतंत लागू होईल असं नाही. पण यातलं कारण सगळ्यांना सारखंच आहे. ओझं तेच, माणूसही तोच. फरक पडला तो अंतराने. तराजूची दांडी लांब केली की छोटं वजनही जड पारडं वर उचलतं, तसंच हे. घरात आता पाण्याने भरलेली कळशी असेल तर हात लांब करून एक क्षण धरून बघा, मग पोटाशी धरून बघा. मी जे सांगतेय ते कळशीच सांगेल. कंबर आधीच दुखत असेल तर मात्र रिकामी कळशी घ्या.

त्याच मोजमापात आणखी एक गोष्ट दिसली. आडवं झाल्यावर गादीवरचा दाब उभं असतानाच्या पाचव्या हिश्श्यावर आला. म्हणजे दुपारी जेवण झाल्यावर दहा मिनिटं पाठ टेकणं हा आळस नाही. गादीला तेवढीच विश्रांती मिळते. घरातल्यांनी विचारलं तर हे सांगा.

पाणी

आता आपल्या दिवसाबरोबर चालू या. सकाळ पाण्याने सुरू होते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. १५ लिटरचा हंडा म्हणजे १५ किलो, वर हंड्याचं वजन वेगळं.

डोक्यावर ओझं नेणं वाईटच, असं समजू नका. केनियातल्या लुओ समाजाच्या बायका डोक्यावर, तर किकुयू समाजाच्या बायका कपाळावरच्या पट्ट्याने ओझं घेऊन चालतात. शास्त्रज्ञांनी त्यांची चाल तपासली आणि १९८६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंतचं ओझं त्या जास्तीची शक्ती न घालवता नेत होत्या. डोक्यावरचं ओझं उतरंडीच्या मधोमध येतं आणि सवयीची चाल ते सांभाळून घेते. पण पाचवा हिस्सा म्हणजे किती? ४५ किलोच्या बाईला नऊ किलो. आपल्या डोक्यावर १५ किलोचा हंडा, त्यावर कळशी आणि कडेवर पोर असतं. तिथे मान आणि कंबर दोन्ही जातात.

म्हणून दोन मोठ्या खेपांऐवजी तीन-चार लहान खेपा करा. पाय थोडे जास्त चालतील, ते चालण्यासाठीच आहेत. एका कडेवर कळशी घेतली की अंग एका बाजूला वाकतं, म्हणून येताना बाजू बदला. शक्य असेल तर दोन्ही हातांत सारखे लहान कॅन घ्या.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो नळाजवळ. हंडा जमिनीवर भरला की तो भरलेला उचलावा लागतो. नळाखाली मांडीएवढ्या उंचीचा ओटा किंवा चार चिरे रचून केलेली जागा असली तर हंडा तिथेच भरतो आणि तिथूनच कडेवर किंवा डोक्यावर येतो. जमिनीपासून मांडीपर्यंतचं वाकणं कायमचं वाचतं. घरात हंडे ठेवायची जागाही तेवढीच उंच करा.

जमिनीवरून उचलायची वेळ आलीच तर आधी ओझ्याजवळ जा. पाय थोडे फाकवा, एक पाय जरा पुढे ठेवा. गुडघे वाकवा, ओझं पोटाशी घ्या आणि मांड्यांच्या जोरावर उठा. वळायचं असेल तर पाय उचलून वळा. पाय जागेवर ठेवून कंबरेतून गरकन वळलं की तिथेच चमक भरते.

केर, भांडी, स्वयंपाक

आपली केरसुणी आणि अंगणातला खराटा हातभर लांब असतो. म्हणून आपण कंबरेतून दुमडून केर काढतो. अंगण झाडून होईपर्यंत पाठ आडवीच असते.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात शेतमजुरांना तण काढायला फूट-दीड फूट दांड्याचं खुरपं दिलं जात असे. बीट आणि कोबीसारख्या सॅलडच्या पिकांत दिवसभर दुमडून काम करावं लागे. मजुरांच्या पाठी कायमच्या निकामी होत. लांब दांड्याने काम नीट होत नाही, असं मालक म्हणत. मजूर न्यायालयात गेले आणि १९७५ साली तिथे या आखूड दांड्याच्या खुरप्यावर बंदी आली. शेती काही थांबली नाही, लांब दांड्याने तीच कामं होत राहिली. तिथे मजुरांना न्यायालयापर्यंत जावं लागलं. आपल्या अंगणातल्या खराट्याला बांबूचा चार फुटी दांडा बांधायला कोणाची परवानगी लागत नाही.

ओट्याची उंची मोजायला टेप नको. सरळ उभ्या राहा, हात कोपरातून वाकवा. भाजी चिरणं, पोळी लाटणं यांसारखं हलकं काम कोपराच्या चार-सहा बोटं खाली असावं. कणीक मळणं, नारळ खवणं अशा जोराच्या कामाला एक वीत खाली चालतं, कारण तिथे अंगाचं वजन वापरता येतं. सुईदोरा, मणी, तांदूळ निवडणं ही बारीक कामं कोपराच्या जरा वर असावीत, म्हणजे मान झुकत नाही. ओटा उंच असेल तर पायाखाली पाट घ्या. ओटा खाली असेल तर पोळपाटाखाली लाकडी फळी ठेवा.

खाली बसून विळीवर काम करायची आपली पद्धत वाईट नाही. पण एकाच बाजूने पाय दुमडून तासभर बसू नका. बुडाखाली वीतभर उंचीचा पाट घ्या, दर थोड्या वेळाने पाय बदला. कोणतीच एक बैठक शरीराला फार वेळ मानवत नाही, अगदी ताठ बैठकही नाही.

मासळी, वाडी आणि शेत

मासळी निवडायला उकिडवं बसून गुडघे आणि कंबर दोन्ही आखडतात. उलटा क्रेट किंवा बुटकं स्टूल घ्या आणि मासळीची पाटीही दुसऱ्या क्रेटवर चढवा. नुसत्या आपणच उंच बसलो आणि पाटी खालीच राहिली, तर वाकणं आणखी वाढतं. जवळा आणि सुकट जमिनीवर पसरण्याऐवजी बांबूच्या मांडवावर जाळं टाकून कंबरेएवढ्या उंचीवर सुकवली तर फिरवताना वाकावं लागत नाही. शिवाय माल वाळूपासून आणि कुत्र्यामांजरांपासून वाचतो. स्वच्छ मालाला गिऱ्हाईक खूश असतं.

सफाळ्याला गाडी पकडणाऱ्या भाजीवाल्या आणि मासळीवाल्या ताईंना एकच सांगणं. २० किलोची एक पाटी करण्याऐवजी दहा-दहाच्या दोन करा. पाटी डोक्यावर घेताना आणि उतरवताना दुसरीचा हात घ्या. एकटीने झटक्यात उचललेली पाटी हीच कंबरेची खरी वैरीण.

आणि आवणी! चिखलात पाय, डोक्यावर पाऊस आणि दिवसभर पाठ दुमडलेली. इथे नुसतं ताठ राहा सांगून उपयोग नाही, कामच तसं आहे. तरी दर ओळ संपली की उभ्या राहा, दोन्ही हात कंबरेवर ठेवा आणि हळूच मागे झुका, पाच वेळा. यात अर्धा मिनिटही जात नाही.

पण काम बदलणारेही आहेत. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यात नेरळजवळ सगुणा बाग आहे. तिथल्या चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा राईस टेक्निक, म्हणजे एसआरटी, ही भाताची पद्धत पुढे आणली. यात कायमचे गादीवाफे करतात, लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर भोकं पाडतात आणि त्यात थेट बी टाकतात. चिखलणी नाही, रोपं उपटणं नाही, आवणी नाही. तण मारायला तणनाशक लागतं, आणि ते फवारताना जपावं लागतं, हेही लक्षात ठेवायला हवं. पण ज्या कामाने बायकांची पाठ सर्वात जास्त मोडते तेच काम या पद्धतीत वगळलेलं आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा दातेरी वैभव विळाही कापणीला हलका जातो. अशा अवजारांची आणि पद्धतींची चौकशी आपल्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात करता येते. एकटीने जाण्यापेक्षा गटाने जा.

उभं राहून काम करणाऱ्या मुली

आपल्या कितीतरी मुली तारापूर एमआयडीसीत पॅकिंगला आठ-आठ तास उभ्या असतात. त्यांनी एक पाय विटेएवढ्या उंचीवर ठेवायचा आणि थोड्या वेळाने दुसरा. त्याने कंबरेचा ताण कमी होतो. आणि हे माहीत असू द्या: आपल्या देशात १९४८ साली कारखान्यांचा कायदा झाला, तेव्हाच त्याच्या ४४व्या कलमात उभ्याने काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावं म्हणून बसायची सोय असावी, असं लिहिलं गेलं. म्हणजे बसायला स्टूल मागणं हा नखरा नाही, सत्तर वर्षांपूर्वीपासून मान्य झालेली गरज आहे.

जे बोललं जात नाही

आता आवाज थोडा वाढवा, सासूबाई ऐकत असतील तर ऐकू द्या. बाळंतपणानंतर लवकर जड ओझी उचलल्याने कंबरच दुखते असं नाही. ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडतात. खोकताना, शिंकताना लघवी होते. काही जणींचं अंग बाहेर येतं. वर्षानुवर्षं बायका हे लपवतात. यात लाजण्यासारखं काही नाही आणि यावर उपचार आहेत. बाळंतिणीला निदान पहिले सहा आठवडे हंडे आणि पाट्या उचलायला लावू नका.

एक व्यायाम सगळ्याच जणींनी करावा. लघवी अडवताना जो स्नायू आवळतो तो आवळून पाच मोजेपर्यंत धरायचा, मग सोडायचा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. बसून, उभ्याने, गाडीत, कुठेही करता येतो, कोणाला कळतही नाही. फक्त प्रत्यक्ष लघवी करताना तो करू नका. आणि ओझं उचलताना श्वास कोंडू नका, उचलता उचलता श्वास सोडा.

कंबरेसाठी झोपताना एवढं करा. पाठीवर पडा, गुडघे उभे करा, एकेक गुडघा हाताने छातीकडे घ्या आणि दहा मोजा. सकाळी एकदम उठून बसू नका. कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि हाताच्या रेट्याने उठा.

पण काही लक्षणांना घरगुती उपाय नाही. पायात मुंग्या येऊन बधिरपणा वाढत असेल, पाऊल उचलताना लुळं पडत असेल, पडल्यानंतर पाठ दुखायला लागली असेल, दुखण्यासोबत ताप असेल किंवा वजन उतरत असेल, तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं. उद्यावर टाकायचं नाही. वेदनेच्या गोळ्या रोज मनाने घेऊ नका. त्यांनी पोटाला आणि मूत्रपिंडांना त्रास होतो, आणि दुखणं झाकलं जातं ते वेगळंच.

गटाने काय करायचं?

हे सगळं एकटीने करायला गेलं की घरात कोणीतरी म्हणतं, "आत्तापर्यंत कसं चाललं?" गटाने ठरवलं की तीच गोष्ट सोपी होते. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपलं सगळ्यात जास्त वाकायला लावणारं एक काम सांगायचं. लिहिणारीने ते वहीत लिहायचं. वही मांडीवर नको, चौरंगावर ठेवा, म्हणजे तिचीही मान वाचेल. मग त्यातलं एक काम निवडायचं आणि महिन्याभरात त्याची उंची बदलायची. कोणाच्या खराट्याला दांडा, कोणाच्या नळाखाली ओटा, कोणाला मासळीसाठी मांडव. खर्च थोडा असेल तर गटातून अंतर्गत कर्ज घ्या. सार्वजनिक नळाजवळचा ओटा हा ग्रामसंघातून ग्रामसभेत मांडायचा विषय आहे, आणि तो मांडायला आपल्याइतका अधिकार कोणाचाच नाही.

महिन्याने पुन्हा विचारा: दांडा बांधला का, ओटा झाला का, आणि सतरंजीवरून उठताना "आई गं" म्हणणाऱ्या किती कमी झाल्या? तो आकडाही बचतीच्या आकड्याशेजारी लिहून ठेवा. तीही आपली बचतच आहे.

तर मैत्रिणींनो, ओझं अंगाशी, काम कोपराशी. आता रेडिओ बंद करायला उठाल तेव्हा पाय जवळ घ्या, मांड्यांवर जोर द्या आणि सावकाश उठा. नमस्कार.